प्रत, पहारा आणि पालट : नोंदींच्या उत्तराधिकाराचा इतिहास

१

डहाणू तालुक्यातील कैनाड व आसपासच्या गावी वारली बोलीच्या शब्दसंग्रहासाठी प्रस्तुत लेखकाचे काही वर्षे जाणेयेणे आहे. एका पावसाळ्यात तालुक्यातील एका सेवा केंद्रात बसण्याचा प्रसंग आला. सातबाऱ्याचा उतारा घेण्यासाठी कैनाडचे एक वृद्ध गृहस्थ सकाळपासून तिष्ठत होते. केंद्र चालविणाऱ्या तरुणाने त्यांस तिसऱ्यांदा सांगितले, "बाबा, सर्व्हर डाऊन आहे." त्यावर त्यांनी आपल्या बोलीत जो प्रश्न केला त्याचा आशय असा : तो मेला आहे की झोपला आहे? मेला असेल तर दुसरा का बसवीत नाहीत, आणि झोपला असेल तर त्याला उठवीत का नाहीत? जमलेली मंडळी हसली. तथापि हसण्यावारी गेलेल्या त्या प्रश्नात संगणकशास्त्राच्या एका शाखेचा सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, आणि त्या शाखेतील विद्वानांनाही त्याचे उत्तर सहजासहजी देता आलेले नाही.

त्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. प्रतिपाद्य थोडक्यात असे. नोंदीची प्रत करणे ही गोष्ट जुनी आणि तुलनेने सोपी आहे. मूळ नोंद बंद पडली असे केव्हा मानावे, तिच्या जागी कोणती प्रत बसवावी, आणि बंद पडलेली मूळ नोंद पुन्हा उभी राहिली तर तिचे काय करावे, हे तीन प्रश्न मात्र कठीण आहेत. ते तांत्रिक भासले तरी स्वरूपाने उत्तराधिकाराचे प्रश्न आहेत. त्यांचा निर्णय यंत्राकडे सोपवावयाचा असेल तर साक्ष, बहुमत आणि मुदत यांचे नियम माणसाने आधी ठरवून ठेवावे लागतात. ते न ठरविता सोपविलेला निर्णय न घेतलेल्या निर्णयापेक्षा अधिक घातक ठरतो.

विवेचनाच्या सोयीसाठी काही संज्ञा आरंभीच निश्चित करतो. व्यवस्थित रचलेल्या नोंदींचा साठा म्हणजे डेटाबेस, आणि तो सांभाळून मागेल त्यास उत्तर देणारे यंत्र म्हणजे सर्व्हर. ज्या सर्व्हरवर नवी नोंद प्रथम लिहिली जाते त्यास 'प्रमुख' म्हणू. त्याच्या लेखनाची सतत नक्कल करीत राहणाऱ्यास 'अनुलिपी' म्हणू. प्रमुख जिवंत आहे की नाही हे यंत्राने स्वतःच पाहत राहणे म्हणजे 'पहारा', आणि प्रमुख गेल्यावर अनुलिपीस त्याच्या पदावर बसविणे म्हणजे 'पालट'. इंग्रजीत यास फेलओव्हर म्हणतात. मराठीत त्यास रूढ शब्द नाही.

२

प्रती ठेवण्याची बुद्धी संगणकाने आणलेली नाही. मराठी मुलखातील जमाबंदीच्या व्यवस्थेत गावचा हिशेब कुलकर्णी ठेवी, परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवी आणि सरकारचा हिशेब हुजूर दप्तरात राही. एकाच जमिनीच्या उत्पन्नाविषयी तीन ठिकाणी नोंद असे. या तीन नोंदी अक्षरशः सारख्या नसत. वरची नोंद खालच्या नोंदीचा गोषवारा असे. परंतु गावचे दप्तर जळाले किंवा कुलकर्ण्याने त्यात खाडाखोड केली, तर ताळा पाहण्यास दुसरे साधन उपलब्ध असे. पुढे ब्रिटिश अमलात तलाठ्याचे दप्तर आणि मामलेदार कचेरीतील अभिलेख यांनी हीच वाट अधिक काटेकोर केली.

ज्याच्याकडे नोंदीची प्रत नाही त्याची अवस्था काय होते, याचे उदाहरणही आपल्याच प्रांतात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखा सावकाराच्या पेटीत, आणि ऋणकोच्या हाती त्याची नक्कल नाही. म्हणून रोखा जाळणे हाच त्यास उपाय दिसला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने अशा दस्तऐवजांची गावपातळीवर नोंदणी करण्याची तरतूद केली. नोंद एकाच पेटीत असू नये हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले असे म्हणता येईल.

तथापि प्रती असणे आणि पालट होणे या भिन्न गोष्टी आहेत. गावचे दप्तर नष्ट झाले म्हणून परगण्याचे दप्तर आपोआप गावचे दप्तर होत नसे. तेथे कोणी अधिकारी यावा, चौकशी करावी, पंच बसवावेत, साक्षी घ्याव्यात आणि मग नवे दप्तर तयार व्हावे, असा क्रम होता. त्यास महिने लागत, आणि तेवढा वेळ गावास परवडे. संगणकाच्या युगात बदलली ती ही सवड. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि ज्या उताऱ्यावर पीककर्ज, वारसनोंद वा नुकसानभरपाई अवलंबून असते तो आता सर्व्हरच्या श्वासावर अवलंबून राहू लागला. पंच बसवून निर्णय करण्याइतका वेळ उरला नाही. पंचांचे काम काही सेकंदांत यंत्रानेच करावे, अशी अपेक्षा निर्माण झाली.

३

येथे शब्दांकडे थोडे वळणे आवश्यक आहे. कारण या क्षेत्रातील मूळ रूपकाने विचाराची दिशा बराच काळ बांधून ठेवली होती. आपण ज्यास प्रमुख आणि अनुलिपी म्हटले त्यांस इंग्रजीत दीर्घकाळ 'मास्टर' आणि 'स्लेव्ह', म्हणजे धनी आणि गुलाम, असे म्हणत. डहाणू-तलासरीच्या मुलखात काम करणाऱ्यास ही जोडी निर्विकारपणे उच्चारणे कठीण जाते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहावे, अशा 'लग्नगड्या'ची आणि वेठबिगारीची पद्धत येथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ही पद्धत मोडून काढण्याचा लढा उभा राहिला. ज्या घरांतील आजोबा-पणजोबांनी तो लढा दिला, त्या घरांतील मुले आज संगणक शिकतात. त्यांच्यापुढे गुलाम हा शब्द केवळ तांत्रिक संज्ञा म्हणून ठेवता येत नाही.

पाश्चात्त्य देशांतही या शब्दांविषयी अस्वस्थता होतीच. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याने २००३ मध्ये आपल्या पुरवठादारांस हे शब्द टाळण्याची विनंती केली. २०१४ मध्ये जँगो या प्रणालीने ते आपल्या लेखनातून काढले, आणि जुलै २०२० मध्ये मायएसक्यूएल या सुप्रसिद्ध डेटाबेसच्या कर्त्यांनी ते सोडून 'सोर्स' आणि 'रेप्लिका' असे शब्द घेण्याचे जाहीर केले.

नैतिक आक्षेपाखेरीज या रूपकावर अर्थशास्त्राच्या, म्हणजे शब्दार्थविचाराच्या, दृष्टीनेही एक आक्षेप घेता येतो, आणि आपल्या विषयास तोच अधिक उपयोगी आहे. गुलामाचे वैशिष्ट्य असे की धनी मेला तरी तो धनी होत नाही. तो दुसऱ्या धन्याच्या मालकीत जातो. अनुलिपीचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट आहे. प्रमुख पडताच तिने प्रमुख व्हावे, एवढ्याचसाठी तिला पोसलेले असते. म्हणजे तिचे नाते गुलामाचे नसून युवराजाचे आहे. रूपक चुकल्यामुळे प्रश्नाचे नावही चुकले : प्रश्न हुकमतीचा वाटत राहिला, आणि वस्तुतः तो वारसाचा होता.

४

वारस बसविण्यापूर्वी मृत्यूची खात्री हवी. येथून पहाऱ्याचा इतिहास सुरू होतो. १९७४ मध्ये जेम्स ट्रेबिग यांनी अमेरिकेत टँडेम कॉम्प्युटर्स ही कंपनी स्थापिली, आणि १९७६ मध्ये तिचे पहिले यंत्र ग्राहकाकडे गेले. बँकांसारख्या ज्या संस्थांस क्षणभरही काम थांबलेले चालत नाही, त्यांच्यासाठी ते बनविले होते. त्यात एकाहून अधिक प्रक्रियक असत आणि प्रत्येक प्रक्रियक दर सेकंदास इतर सर्वांना 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवी. दर दोन सेकंदांनी प्रत्येकजण आपल्याकडे सर्वांचे निरोप आले की नाही ते पाही. ज्याचा निरोप आला नाही तो मेला असे मानून त्याचे काम दुसरा उचली. गस्तीच्या शिपायाने दर प्रहरी हाळी द्यावी आणि हाळी ऐकू आली नाही की पुढच्या चौकीने धावून जावे, तसाच हा प्रकार. या निरोपास पुढे हृदयाचा ठोका असे नाव पडले, आणि ते आजतागायत रूढ आहे.

एकाच पेटीतील प्रक्रियकांच्या बाबतीत ही रीत चालून गेली. यंत्रे निरनिराळ्या गावी गेली आणि त्यांच्यामध्ये तारेचे जाळे आले, तेव्हा कैनाडच्या वृद्धाचा प्रश्न उभा राहिला. ठोका आला नाही, यावरून यंत्र मेले असेच सिद्ध होत नाही. ते कामाच्या ओझ्याने मंदावले असेल, किंवा मधली तार तुटली असेल; त्या स्थितीत ते पलीकडे सुखरूप राहून लोकांच्या नोंदी घेतही असेल. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघांनी गणिताने असे सिद्ध केले की, ज्या जाळ्यात निरोपास किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नाही, तेथे एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असली तरी सर्वांचे एकमत निश्चितपणे घडवून आणील अशी कोणतीही ठाम रीत असू शकत नाही. मंद आणि मृत यांतील भेद केवळ वाट पाहून कळत नाही, हे या सिद्धान्ताचे मर्म.

त्याच वर्षी टँडेममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी यंत्रे का बंद पडतात याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या बिघाडांपैकी सुमारे ४२ टक्के बिघाड यंत्राची देखभाल, हाताळणी आणि मांडणी करणाऱ्या माणसांच्या कामातून उद्भवले होते, तर यंत्रभागांच्या दोषामुळे झालेले सुमारे १८ टक्केच होते. या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. माणसावर सर्व भार ठेवू नये, म्हणून पहारा यंत्राकडे द्यावा, हा एक अर्थ. परंतु पहाऱ्याची मांडणीही माणूसच करतो, म्हणून तीच बिघाडाचे कारण होऊ शकते, हा दुसरा. पुढील काळात पहिला अर्थ सर्वांनी उचलला. दुसरा ठेचा लागल्यावर कळला.

५

मृत्यूची खात्री नसताना वारस बसविला तर काय होते, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड पडून येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी राज्य सांभाळले, आणि १७०० मध्ये त्यांच्या निधनानंतर ताराबाईंनी आपल्या पुत्राच्या नावे कारभार चालविला. शाहू जिवंत होते. परंतु त्यांच्यात आणि स्वराज्यात मोगल छावणीची भिंत होती. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर जाळे तुटले होते, यंत्र मेले नव्हते. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू सुटून आले, आणि एका राज्यास दोन छत्रपती झाले. आलेला शाहू खरा नव्हेच, तो तोतया आहे, असाही प्रवाद उठविला गेला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे लढाई झाली. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करविला. दोन गाद्यांमधील वाटणी मिटण्यास १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला. मधल्या चोवीस वर्षांत एकाच वतनावर दोन्हीकडच्या सनदा पुढे येऊ शकत, आणि खरी कोणती हे वतनदाराने आपल्या सोयीने ठरवावे, अशी स्थिती होती.

डेटाबेसच्या शास्त्रात या अवस्थेस दुभंग म्हणता येईल. दोन सर्व्हर स्वतःस प्रमुख समजून स्वतंत्रपणे नोंदी घेऊ लागतात. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर एकीकडे वारसाचे नाव चढते, दुसरीकडे बोजा चढतो. आणि तार पुन्हा जुळते तेव्हा दोन्ही फेरफार अधिकृत दिसतात. बंद पडलेला सर्व्हर लोकांचा वेळ खातो. दुभंगलेला सर्व्हर लोकांचा हक्क खातो. म्हणून या शास्त्रात दुभंग हा बंद पडण्यापेक्षा मोठा अनर्थ मानला जातो.

त्यावरील उपाय तीन आहेत, आणि तिन्ही मराठी वाचकास ओळखीचे वाटतील. पहिला उपाय बहुमताचा. निर्णय एका पहारेकऱ्याने न करता तीन, पाच अशा विषम संख्येच्या पंचांनी करावा, आणि निम्म्याहून अधिक पंच एकत्र असतील तरच तो चालावा. जाळे तुटून दोन तुकडे झाले तर एकाच तुकड्यात बहुमत असू शकते, म्हणून दोन प्रमुख निवडले जाऊ शकत नाहीत. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही रीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ओंगारो आणि ओस्टरहाउट यांची समजण्यास सोपी असलेली राफ्ट ही रीत २०१४ मध्ये आली. दोहोंचा पाया हाच.

दुसरा उपाय कारकीर्दीच्या क्रमांकाचा. राफ्टमध्ये प्रत्येक निवडणुकीबरोबर कारकीर्दीचा आकडा एकने वाढतो आणि प्रत्येक आज्ञेवर तो आकडा असतो. मराठी कागदांवर राज्याभिषेक शक घालीत, त्याची येथे आठवण व्हावी. ज्या यंत्राने सातवी कारकीर्द पाहिली आहे ते सहाव्या कारकीर्दीची आज्ञा मानीत नाही. जुना प्रमुख परत आला तरी त्याच्या आज्ञेवरील आकडाच तो मागे पडल्याचे सांगतो.

तिसरा उपाय कुंपणाचा. नवा प्रमुख बसविण्यापूर्वी जुन्याचे हात बांधावेत : त्याची वीज तोडावी, लोकांची वाट त्याच्याकडून काढून घ्यावी, किंवा त्याने आपण होऊनच लिहिणे थांबवावे. हे न केल्यास परत आलेला प्रमुख तोतयाप्रमाणे वागतो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. परंतु मृत्यूविषयी संशय राहिला, आणि त्याच संशयाच्या बळावर भाऊ म्हणवून घेणाऱ्या एका इसमाने वर्षानुवर्षे लोकांस झुलविले, किल्ले मिळविले आणि १७७६ मध्ये पकडला जाईपर्यंत पुणे दरबारास सतावले. सर्व्हरचा तोतया याहून अडचणीचा असतो, कारण तो लबाड नसतो. तो खरोखरच कालचा प्रमुख असतो, आणि आपली जागा गेल्याचे त्याला ठाऊक नसते.

६

हे सर्व सिद्धान्त ठाऊक असूनही व्यवहारात काय घडते, हे तीन प्रसंगांवरून पाहू.

पहिला प्रसंग अमेरिकेतील. संगणकाच्या आज्ञावली साठविणाऱ्या गिटहब या संस्थेच्या पूर्व किनाऱ्यावरील जाळ्यात २१ ऑक्टोबर २०१८ रोजी एक भाग बदलण्याचे नित्याचे काम चालू असता ४३ सेकंद संपर्क तुटला. ऑर्केस्ट्रेटर नावाच्या पहारेकरी आज्ञावलीने बहुमत जमविले आणि नियमाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावरील अनुलिपींस प्रमुखपद दिले. परंतु पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेल्या नोंदी पश्चिमेस पोहोचलेल्या नव्हत्या, आणि पालटानंतर पश्चिमेकडे लिहिलेल्या नव्या नोंदी पूर्वेकडे नव्हत्या. एका व्यग्र साठ्यात अशा ९५४ नोंदी निघाल्या. संस्थेने वेगापेक्षा नोंदींची अखंडता श्रेष्ठ मानली. परिणामी सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. पंच होते, बहुमत होते, यंत्राने आज्ञा पाळली. चूक होती ती आधीच्या मांडणीत : इतक्या दूरच्या वारसाकडे पद जाऊ द्यावे काय, याचा विचार पुरेसा झाला नव्हता.

दुसरा प्रसंग मुंबईचा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबविण्यात आले. तारांच्या दोन पुरवठादारांकडील दोषानंतर जोखीम मोजणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नव्हती. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी. या बाजाराचे आपत्तीसाठी राखलेले पर्यायी केंद्र होते. तरी त्या दिवशी व्यवहार तिकडे हलविले गेले नाहीत. ते का हलविले नाहीत याचा खुलासा सेबीने त्याच दिवशी मागितला. गिटहबमध्ये पालट घाईने झाला; येथे तो झालाच नाही. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम कडक केले : महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावी, आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करावे. 'आपत्ती' हा शब्द कोणी आणि केव्हा उच्चारावा याचे वेळापत्रक ठरविणारा हा नियम भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. बोलण्यास धजत नाही म्हणून काम अडते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजाराने प्रत्यक्ष व्यवहार चालू असताना मुख्य केंद्रातून पर्यायी केंद्रात जाण्याची तालीम केली.

तिसरा प्रसंग डेटाबेसचा नाही. परंतु तो डहाणूशी निगडित आहे आणि त्याचे तत्त्व तेच आहे. डहाणूच्या औष्णिक केंद्रातील २५० मेगावॅटचे दोन संच १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांशी जोडले गेले. भोवतालचे विजेचे जाळे कोसळू लागले की मुंबईने आपोआप त्यापासून तुटून बेटासारखे स्वतःच्या केंद्रांवर तगावे, अशी व्यवस्था १९८० च्या दशकापासून आहे. तेथे ठोक्याचे काम विजेची वारंवारता करते : ती ५० हर्ट्झच्या खाली घसरली की धोका ओळखावयाचा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ही वेळ आली, परंतु बेटातील उत्पादन मागणीस पुरे पडले नाही आणि शहराचा मोठा भाग अंधारात गेला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. वारसाकडे पद देऊन भागत नाही, पदाचा भार पेलण्याची ताकद त्या घटकेस त्याच्याजवळ असावी लागते, हा या प्रसंगाचा धडा होय.

७

या इतिहासातून मांडणीचे जे नियम निष्पन्न होतात ते आता संक्षेपाने सांगतो. संगणकाच्या अभ्यासकांस ते व्यवहाराचे नियम वाटतील; इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांत अनुभवाचे थर पाहावेत.

प्रथम नक्कल कशी व्हावी हे ठरवावे. प्रमुखाने नोंद लिहून लगेच 'झाली' असे सांगावे आणि अनुलिपीने ती मागाहून उतरवून घ्यावी, ही एक पद्धत. ती जलद, परंतु प्रमुख अकस्मात पडल्यास शेवटच्या काही नोंदी हरवतात. अनुलिपीची पोच आल्याशिवाय 'झाली' असे म्हणू नये, ही दुसरी. ती मंद, परंतु भरवशाची. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये पहिली पद्धत प्रवाही स्वरूपात २०१० मध्ये आणि दुसरी २०११ मध्ये आली. अंतर जितके अधिक तितकी दुसरी पद्धत जड जाते. आणि अंतर तर हवेच असते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने डहाणू-तलासरीतील अनेक कुटुंबांस रात्री तंबूत काढावयास लावल्या. मूळ आणि प्रत एकाच छपराखाली ठेवू नये, हे त्या कुटुंबांस निराळे समजावून सांगावे लागणार नाही. जवळची एक अनुलिपी पोच देणारी आणि दूरची एक मागाहून उतरवून घेणारी, अशी मिश्र रचना सामान्यतः इष्ट ठरते.

दुसरे, पहारेकरी एक असू नये. २०११ मध्ये योशिनोरी मात्सुनोबु यांनी मायएसक्यूएलसाठी एमएचए नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. तिचा व्यवस्थापक एकाच यंत्रावर असे, म्हणून प्रमुख दिसेनासा होताच दुसऱ्या वाटेनेही पाहून खात्री करून घेण्याची सोय तिच्यात होती. तसेच एकदा पालट झाल्यावर आठ तासांच्या आत दुसरा पालट ती आपण होऊन करीत नसे. घटकेत हा, घटकेत तो, अशी गादीची फिरवाफिरव नोंदींचा चुराडा करते, हे तिच्या कर्त्याने ओळखले होते.

तिसरे, पद मुदतीचे असावे. २०१५ मध्ये पुढे आलेल्या पॅट्रोनी या आज्ञावलीत प्रमुखपद हा एक पट्टा असतो. तो पंचांच्या सामाईक वहीत नोंदलेला असतो. त्याची नेहमीची मुदत ३० सेकंद, आणि प्रमुखाने दर १० सेकंदांनी तो नवा करावयाचा. जो नवा करू शकला नाही त्याने स्वतःच लिहिणे थांबवावे. मेला की झोपला, हा प्रश्न येथे न सोडविताच निकालात निघतो : मुदत संपली, एवढे पुरे. पंचांस कोणाच्या मृत्यूची ग्वाही द्यावी लागत नाही.

चौथे, वारस निवडताना ज्येष्ठता न पाहता अद्ययावतपणा पाहावा; ज्या अनुलिपीजवळ सर्वांत पुढची नोंद आहे तिला पद द्यावे, आणि फार मागे पडलेलीस कधीही देऊ नये. पाचवे, लोकांची वाट एकाच दाराने असावी आणि पालट होताच ते दार नव्या प्रमुखाकडे वळावे. सहावे, परत आलेल्या जुन्या प्रमुखास दुरावा पडला त्या नोंदीपर्यंत मागे नेऊन अनुलिपी म्हणूनच घरात घ्यावे. त्याच्याजवळच्या अधिकच्या नोंदी पुसण्यापूर्वी माणसाने नजरेखालून घालाव्यात. सातवे, तालीम करावी. ज्या पालटाची तालीम झाली नाही तो पालट कागदावरच आहे असे समजावे.

८

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊन हा निबंध संपवितो. मेला की झोपला, याचे निश्चित उत्तर दुरून देता येत नाही. १९८५ च्या सिद्धान्ताने ती वाट बंद केली आहे. शास्त्राने पुढे जी प्रगती केली ती उत्तर शोधून नव्हे, प्रश्न बदलून केली. पद कोणास किती मुदतीने दिले आहे, ती मुदत कोणत्या पंचांपुढे नवी होते, आणि ती सरल्यावर कोणी गप्प बसावयाचे, हे आधी लिहून ठेवले की मृत्यूचा निवाडा करण्याची गरजच उरत नाही. मराठी राज्यास हे १७०७ मध्ये साधले नाही, कारण कैदेतील धन्याचे पद किती काळ राखावे याचा लेखी नियम नव्हता. राज्ये तेवढी चूक सोसू शकतात आणि चोवीस वर्षांनी तहही करू शकतात. ज्या वारली कुटुंबाचा जमिनीवरील हक्क एका फेरफारावर उभा आहे, त्यास तेवढी सवड नसते.

म्हणून पहाऱ्याची आणि पालटाची मांडणी ही केवळ यंत्रशाळेची बाब समजू नये. ती नोंदीच्या अधिकाराची मांडणी आहे, आणि नोंदींचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनी व भाषाभ्यासकांनी तिच्याकडे जुन्या दप्तराइतक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. उद्याचे संशोधक आजच्या फेरफारांचा ताळा घेतील, तेव्हा त्यांस जळालेल्या रुमालांऐवजी दुभंगलेल्या सर्व्हरांचे अवशेष धुंडाळावे लागतील. त्या दिवशी वृद्ध गृहस्थांस उतारा सायंकाळी मिळाला. तो त्यांनी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि पुढच्या वेळी लागेल म्हणून त्याची आणखी एक नक्कल मागून घेतली.